लाल दोऱ्याची पुडी

कुवेतमध्ये असताना आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी सरबतासाठी बर्फ काढायला माझा फ्रीझर उघडला. मागच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी होती.

"बोंबील का हो?" त्यांनी मोठ्या उत्साहानं विचारलं.

"नाही, साप आहे," मी म्हटलं आणि त्यांचा चेहरा बघून घाईनं जोडलं, "मेलेला आहे."

त्या बाई नंतरही आमच्याकडे येत राहिल्या, पण त्यांनी पाण्याचा घोट कधी घेतला नाही. चूक माझी होती. पुडीवर काहीतरी खूण हवी होती. पण त्या दिवशी मी नुसती हसले आणि शिकले काहीच नाही. पुडीवर खूण नसली की काय होतं हे मला पुढे चांगलंच कळलं. तीच ही हकिगत.

आखातात नोकरी केलेली बाई म्हटलं की लोकांना नर्स, शिक्षिका किंवा ऑफिसातली सेक्रेटरी एवढंच सुचतं. मी सापाची कातडी वाळवायचे. हातानं घडवलेल्या धनुष्यांवर ती चिकटवतात. "म्हणजे साप टाकतो ती कात?" असं दहांतले नऊ जण विचारतात. नाही. कात म्हणजे कागदासारखा पापुद्रा. तिला रंग नाही आणि जोरही नाही. मी म्हणते ते मेलेल्या सापाच्या अंगावरचं कातडं. धनुष्याची जी बाजू ओढणाऱ्यापासून लांब, निशाणाकडे असते, तिला पाठ म्हणतात. धनुष्य वाकलं की त्या पाठीवर ताण येतो. तिथं सरसानं पातळ कातडं बसवलं की लाकडाची बारीक चीर उघडत नाही, दमट हवा आत शिरत नाही. आणि दिसायला असं दिसतं की म्हातारी माणसंसुद्धा बोट फिरवून बघतात. खरं सांगायचं तर उपयोग चार आणे आणि शोभा बारा आणे.

माझ्या माहेरी, कोल्हापूरकडे, चपला करतात. वडिलांनी मला बी.कॉम. केलं ते एवढ्यासाठीच की माझ्या हाताला कातड्याचा वास लागू नये. आखाती युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा माझा नवरा प्रकाश तिकडे तेल कंपनीत मेंटेनन्सला लागला आणि मी पाठोपाठ गेले. देव्हारा करून घ्यायला आम्ही अर्दियाच्या गोदामांच्या भागात एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये गेलो, कारण तिथला सुतार कोकणातला आहे असं कळलं होतं. दत्ताराम त्याचं नाव. देवगडकडचा, चाळिशीतला. बायकामुलं गावी आणि हा आठ जणांच्या खोलीत. तो माप लिहून घेत होता तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं आणि भिंतीवर टांगलेलं एक धनुष्य. त्याच्यावरचं कातडं एका कडेनं उचललं होतं.

"आतला पापुद्रा काढलेला नाही," मी म्हटलं. "मांस राहिलंय. सरस धरणार कशाला?"

मालक मागेच उभे होते. अबू फहद, म्हणजे फहदचे वडील. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. साठीच्या घरातले, पूर्वी शाळेत खेळाचे मास्तर. फर्निचर हा त्यांचा धंदा आणि धनुष्यं हा जीव. त्यांनी दत्तारामला विचारलं, "शिनू? क्या बोलता मॅडम?" दत्तारामनं सांगितलं. अबू फहदनी माझ्याकडे बघितलं, धनुष्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुम करो."

अशी माझी मुलाखत झाली. कागदपत्रं त्यांच्या मंदूबनं, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालणाऱ्या माणसानं, केली. माझी थोरली गौरी, म्हणून तिथं मी 'उम्म गौरी', म्हणजे गौरीची आई, झाले. दत्ताराम वहिनी म्हणायचा.

दुसऱ्याची चूक दाखवून मिळवलेल्या नोकरीत पहिल्याच महिन्यात मी स्वतःची चूक केली. आमच्याकडे कातड्याला तेल पाजतात. त्याशिवाय चप्पल मऊ होत नाही. हात आपोआप तेलाकडे गेला. वाळलेल्या सापाच्या कातड्याला मी छान तेल चोळलं. कातडं रेशमासारखं झालं, मी खूश. दत्तारामनं ते चिकटवलं आणि चौथ्या दिवशी ते तळलेल्या पापडासारखं फुगून वर आलं. तेल आणि सरस यांचं जन्माचं वैर. अबू फहद म्हणाले, "उम्म गौरी, ये कमान है, चप्पल नहीं." बोलले एवढंच, पण पुढची पंधरा वर्षं, कुणी पाहुणा आला की हे वाक्य त्याला ऐकवायचे.

वडिलांना फोनवर सांगितलं. बी.कॉम. झालेली मुलगी परत कातड्यातच. त्यांनी विचारलं, "वाळवतीस उन्हात का सावलीत?"

"सावलीत."

"मग ठीक," म्हणाले आणि आईकडे फोन दिला.

काम असं. साप मेल्यावर वेळ फार थोडा. तिकडच्या उन्हात तासाभरात तो कामातून जातो. आधी बोटानं खवले उलटे सारून बघायचे. सुटून आले की तो साप टाकायचा, कितीही देखणा असला तरी. डोकं आधी कापून खोल पुरायचं. मेलेल्या विषारी सापाचं डोकंही चावू शकतं, यात अंधश्रद्धा नाही. मग पोटाच्या रेघेवरून कात्री चालवायची आणि पायमोजा उतरवावा तसं कातडं उतरवायचं. आतला पापुद्रा बोथट सुरीनं खरवडायचा. माझी सुरी लोणी लावायची होती. साबणाच्या पाण्यात धुऊन, खवले खाली ठेवून, प्लायवूडच्या फळीवर टाचण्या मारायच्या. लांबीला जरा ताण द्यायचा, रुंदीला नाही. रुंदीला ताणलं की खवल्यांमध्ये भेगा दिसतात. तिकडची कोरडी हवा कातडं इतक्या झपाट्यानं वाळवते की कडा गुंडाळतात, म्हणून वर ओलसर फडकं. चिकटवताना शेपट्या धनुष्याच्या टोकांकडे आणि माना मधे, मुठीशी. म्हणजे एका धनुष्याला दोन कातडी लागतात, आणि तीही एकमेकांना शोभतील अशी. खरी अडचण इथंच होती. दुकानात जोडी मिळते ती चपलांची.

फळ्या मी घरच्या बाल्कनीत वाळवायचे. गौरी शाळेतून आली की बाल्कनीच्या दारातूनच ओरडायची, "आई, इट स्टिंक्स!" मी म्हणायचे, "मग मराठीत सांग, मी खिडकी उघडते."

साप कुठून आणायचे? रस्त्यावरून. वसंतात वाळवंटातले साप डांबरावर ऊब घ्यायला येतात आणि गाड्यांखाली जातात. आमचा मुख्य पुरवठादार होता बालाजी, नांदेडकडचा, पाण्याचा टँकर चालवायचा, राहायला जहराला. दत्तारामच्या खोलीतल्या कुणाचा तरी ओळखीचा. त्याचा फोन यायचा, "ताई, घावला बगा. चार फूट हाय. डोस्कं तेवढं चेंगरलंय, बाकी नवा कोरा." पहिल्या सापाला त्यानं खोलीतल्या सगळ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलं होतं, त्यावरून त्याला दोन दिवस बाहेर झोपावं लागलं. तेव्हापासून तो मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, फोरमनची बर्फाची पेटी मागून घ्यायचा. मी त्याला शिकवलं होतं: प्लास्टिक नाही, त्यात घाम सुटतो. वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि मी नसले तर वर्कशॉपच्या मागच्या दाराशी सावलीत ठेवायचं.

आणि एक नियम होता. मारलेला साप घ्यायचा नाही. जहराचा एक दुकानदार एकदा मोठ्या ऐटीत एक घेऊन आला. कणा तीन ठिकाणी मोडलेला, कातड्याखाली रक्त साकळलेलं. "काठीचा आहे," मी म्हटलं. "साप तर सापच आहे ना?" तो म्हणाला. मी परत पाठवला. यात दयेचा भाग किती होता माहीत नाही. एकदा असले घ्यायला लागलो की सगळं जहरा काठ्या घेऊन फिरेल, हे मला दिसत होतं.

दत्तारामची अट त्याहून वेगळी. तो सापाला साप म्हणायचाच नाही, जनावर म्हणायचा. धनुष्यावर कातडं चिकटवायला त्याची हरकत नव्हती, पण राहिलेल्या देहाला अग्नी द्यायचा. "जनावराक असाच टाकूचा नाय, वहिनी. अग्नी देवकच व्हयो." मागच्या दाराबाहेर पत्र्याचा एक डबा होता. माझं सोलून झालं की उरलेलं मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्या डब्याशेजारी ठेवायचे. संध्याकाळी दत्ताराम त्यात रंध्याच्या ढलप्या घालायचा, वर एक पाच फिल्सचं पिवळं नाणं टाकायचा, हात जोडायचा आणि काडी लावायचा. अबू फहद बघून न बघितल्यासारखं करायचे. मला काय, घाणीचा प्रश्न मिटत होता.

वाचणाऱ्याला आत्ताच दिसलं असेल. मला सात वर्षं दिसलं नाही. येणारी पुडी वर्तमानपत्रात, जाणारी पुडीही वर्तमानपत्रात, आणि दोन्ही मागच्या दाराशी.

तोवर अबू फहदचे गुडघे गेले होते. थोरला फहद तिशीचा, बँकेतली नोकरी सोडून वर्कशॉप बघायला लागला होता. मुलगा सरळ होता. त्याचं म्हणणं एवढंच की मागच्या खोलीत वर्षाला पाच-सहा धनुष्यं होतात, तिथं पॉलिशचं मशीन बसेल. खोली गेली की दत्तारामचा व्हिसा रद्द. फर्निचरला त्याला दोन तरुण सुतार मिळाले होतेच. दत्तारामची मुलगी बारावीला होती, घराची भिंत अर्धी उभी होती. परत जाऊन त्याला आता कोण उभं करणार होतं?

त्याच सुमारास अबू फहदचे जुने स्नेही अबू नासर आले. जहरापलीकडे त्यांचं शेत होतं, आणि तिथं त्यांनी धनुर्विद्येचं मैदान काढायचं ठरवलं होतं. त्यांच्या वडिलांचं एक जुनं धनुष्य युद्धात घर लुटलं गेलं तेव्हा गेलं. उरला होता कातड्याचा बोटभर तुकडा. वाळूच्या रंगावर तपकिरी चौकड्या. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "असं एक करून द्या. पसंत पडलं तर मैदानासाठी बारा इथूनच घेईन."

फहद तिथंच होता. तो वडिलांना म्हणाला, "बारा आली तर खोली राहू दे. नाही आली तर ईदनंतर मशीन."

म्हणजे सगळं एका धनुष्यावर आलं. चौकडीवाला साप तिकडे असतो, लांबही असतो, पण रस्त्यावर सापडायचा म्हणजे नशीब. बालाजीनं तीन आठवड्यांत एक आणला. झकास निघाला. मी तो वाळवला. आता जोडीदार हवा होता. दत्तारामनं तोवर लाकूड असं घासून काढलं होतं की त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. दिवसातून चार वेळा तो ते पुसायचा.

ईदला आठ दिवस राहिले. गौरीची परीक्षा आणि पालकसभा म्हणून मी त्या दिवशी वर्कशॉपला गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीचा फोन. "ताई, काल ठिवलाय बगा माघल्या दारात. तसलाच हाय, चौकड्याचा! पाच फूट! पेटी फोरमननं मागितली म्हून नुसता कागदात ठिवला."

मी धावत गेले. मागच्या दाराशी काही नव्हतं. पत्र्याच्या डब्यात राख होती आणि राखेत काळं पडलेलं एक नाणं.

दत्ताराम आतून आला. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं.

"वहिनी… माका वाटला, तुमी आदल्या दिसाचा सोलून ठेवलास."

तो खाली बसला. मला ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? कागदात गुंडाळ हे मी सांगितलं होतं, मागच्या दाराशी ठेव हेही मीच. सात वर्षांत दोन रंगांचे दोरे बांधायचं मला सुचलं नव्हतं.

फहदला सांगितलं. तो चिडला नाही, त्याचं मला आश्चर्य वाटलं. म्हणाला, "जहराच्या त्या दुकानदाराला सांगा. उद्यापर्यंत आणेल." त्यानं कसा आणला असता हे सगळ्यांना माहीत होतं. मी लगेच नाही म्हटलं असं लिहायला मला आवडेल. तसं झालं नाही. मी दिवसभर विचार केला. दत्ताराम समोर बसून रंध्याला उगाच धार लावत होता. संध्याकाळी तोच म्हणाला, "वहिनी, माज्यासाठी जनावर मारू नकात. मी जातंय घराक."

"गप्प बसा, दत्तारामभाऊ," मी म्हटलं. "ते धनुष्य इकडे द्या."

मी आहे ते कातडं वरच्या अर्ध्या भागावर धरलं. दत्ताराम त्याला वरचा हात म्हणायचा. मुठीपासून टोकापर्यंत ते बरोबर बसत होतं. खालचा हात नुसतं लाकूड.

"अर्धाच?" तो म्हणाला.

"अर्धं नाही. वरचा हात पूर्ण." मला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं, पण रिकाम्या हातानं बसण्यापेक्षा बरं. दत्तारामनं सरस गरम केला. मी कातडं कोमट पाण्यात भिजवलं. बसवून वर क्रेप बँडेज गुंडाळलं, एखाद्याचा मोडलेला हात बांधावा तसं. दोन दिवसांनी सोडलं. एकही कड उचललेली नव्हती. खालच्या हाताला दत्तारामनं जवसाचं तेल असं पाजलं की लाकडाच्या रेषा वरच्या चौकड्यांच्या बरोबरीनं बोलायला लागल्या. तेल पाजायची माझी हौस तिथं एकदाची फिटली.

अबू नासर आले त्या दिवशी अबू फहदही काठी टेकत आले होते. मला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बोल, असंच डिझाइन आहे." मी मान हलवली, पण अबू नासरनी धनुष्य हातात घेऊन विचारलं, "दुसरं कातडं कुठाय?" तेव्हा माझ्या तोंडून खरंच निघालं. खोटं बोलले तर पुढची बारा वर्षं तेच खोटं सांभाळावं लागेल, एवढाच माझा हिशेब.

"जाळलं," मी म्हटलं. "चुकून. या माणसाच्या गावी मेलेल्या सापाला अग्नी देतात. त्याला वाटलं, माझं काम झालंय."

अबू नासरनी दत्तारामकडे बघितलं. "कशानं जाळलंस?"

"सागवानाच्या ढलप्यांनी," दत्ताराम हिंदीत म्हणाला. "वर नाणं ठेवलं होतं."

"नाणं कशाला?"

"वाटेला."

अबू नासर हसायला लागले. हसता हसता त्यांनी खिशातला तो जुना तुकडा काढून वरच्या हातावर धरला. चौकडीला चौकडी मिळाली. मग हसणं थांबलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी धनुष्य अचानक फहदकडे दिलं. "घे. धरून दाखव."

फहदनं घेतलं. मुठीला धरलं, नक्षी वर, आणि हात लांब केला.

"पाहिलंत?" अबू नासर अबू फहदना म्हणाले. "मास्तर, तुमचा हा मुलगा लहानपणी माझ्याकडे यायचा तेव्हा धनुष्य कायम उलटं धरायचा. आज पहिल्यांदा सुलटं धरलं."

आमच्या धनुष्याचा खालचा हात जरा ताठ ठेवलेला असतो. उलटं धरून ओढत राहिलं की ते हळूहळू बिघडतं. नवशिके नेमकं तेच करतात, कारण दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मी वर्षानुवर्षं जोडीसाठी जीव टाकत होते आणि जोडी नव्हती म्हणूनच वर-खाली कळत होतं. हे मला सुचलं होतं असं मी कधी म्हटलेलं नाही. अबू फहद मात्र सगळ्यांना सांगायचे, उम्म गौरीचं डिझाइन.

"बारा," अबू नासर म्हणाले. "सगळी अशीच. एका हाताची."

दत्ताराम मोरीकडे गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. फहदनं धनुष्य खाली ठेवलं नव्हतं. दोरी थोडी ओढून बघत होता.

एक धनुष्य, एक कातडं. आम्हाला निम्मेच साप लागायला लागले आणि रस्त्यावरचे पुरले. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून दोऱ्याची दोन रिळं आणली. लाल दोरा म्हणजे अजून सोलायचा आहे, हात लावू नका. पांढरा म्हणजे दत्तारामच्या ताब्यात. बालाजीच्या टँकरमध्ये आरशाला लाल रीळ लटकत असायचं, लोकांना वाटायचं देवाचा दोरा आहे.

दत्ताराम आणखी सहा वर्षं त्या खोलीत होता. मुलीचं नर्सिंग झालं, भिंत पूर्ण झाली, मग स्वतःच्या मर्जीनं गेला. आम्ही तोवर एगैलाला राहायला गेलो होतो. दोन वर्षांनी आम्हीही परतलो. बाहेरून आता सापाच्या कातड्यासारखं छापलेलं प्लास्टिक येतं, जोडीनं, हवं तेवढं. मला त्याचा राग नाही, पण त्यावर कुणी बोट फिरवताना मी पाहिलेलं नाही. खंत एकच आहे. तो पाच फुटी चौकडीवाला मला बघायलाही मिळाला नाही.

मागच्या महिन्यात फहदचा फोन आला. अबू फहद आता नाहीत. खोली आहे. फहदला कातड्याच्या कडा गुंडाळण्याबद्दल विचारायचं होतं. मी ओल्या फडक्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, नवा माणूस ठेवलाय, नेपाळी, हुशार आहे. मागच्या दाराशी पुडी दिसली की हात लावायच्या आधी दोरा बघतो. पांढरा असला तर ढलप्या घालून जाळतो.

"तू शिकवलंस?" मी विचारलं.

"मी नाही. मी त्याला विचारलं, हे कुणी सांगितलं. तो म्हणाला, इथं असंच करतात."